चूक वापरणाऱ्याची नाही

अहवालात ‘वापरणाऱ्याची चूक’ असं लिहून मी खाली सही करावी, एवढंच गानसाहेबांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, मरेन पण सही करणार नाही.

जिआयी शहरातली आमची कंपनी जेमतेम नऊ माणसांची. आजारी-अपंगांना दवाखान्यात नेणाऱ्या नगरपालिकेच्या गाड्या आमच्या वेबसाइटवरून बुक होतात. सहा वर्षांपूर्वी ती साइट मीच लिहिली. गानसाहेब आमचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, फक्त वरच्यांसमोर पाठीचा कणा घरी ठेवून येतो.

वाद पेटला मिआओ आजींवरून. वय एक्क्याऐंशी, वृद्धाश्रमातली खोली सतरा, चाकांची खुर्ची आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पंधरा दिवसांत तीनदा त्यांनी स्वतः बुकिंग केलं आणि तिन्ही वेळा त्यांच्या दारात साधी टॅक्सी गेली, खुर्ची चढवायची सोयच नसलेली. ड्रायव्हर रिकामा परतला आणि आजींच्या नावावर ‘प्रवासी आले नाहीत’ अशी नोंद पडली. तीन नोंदी झाल्या की महिनाभर गाडी बंद, असा नियम आहे. डायलिसिसच्या पेशंटची गाडी महिनाभर बंद! सोमवारपासून ते लागू होणार होतं.

आश्रमातल्या नर्सने फोन केला. “ताई, आजी शपथेवर सांगतात की खुर्चीच्या चौकटीत खूण केली होती. पण तुमच्या यादीत ती नाही. हल्ली विसरायला होत असेल का हो त्यांना? मुलगा म्हणतोय, विसरभोळ्यांच्या मजल्यावर हलवू या.”

तो मजला मी पाहिलाय. त्याचं दार आतून उघडत नाही.

गानसाहेब म्हणाले, “पेइताई, म्हातारी माणसं विसरायचीच. तुम्ही सर्व्हरवरचं हिरवं पाकीट तेवढं बदला, मुदत संपलीय.” मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून इथले सगळेच त्याच्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात, तसं आम्हीही ठेवतो. बदललं मी. माझं मशीनशी काही भांडण नव्हतं.

मग आजी भरतात तसाच फॉर्म मी भरला. नाव, वेळ, आश्रमाचा फोन नंबर, त्याला लागून # आणि खोलीचं एक्सटेन्शन सतरा. आम्ही सगळे एक्सटेन्शन असंच लिहितो, व्हिजिटिंग कार्डापासून दुकानाच्या पाटीपर्यंत. शेवटी खुर्चीची खूण केली आणि बटण दाबलं.

खुर्ची गायब! परत केलं, परत गायब. मी माझाच जुना कोड उघडला.

त्याचं असं आहे. फॉर्ममधली माहिती एका वेबपत्त्याला जोडून पुढे जाते, आणि वेबपत्त्याने काही चिन्हं स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलीत. # म्हणजे ‘इथून पुढचं सर्व्हरला पाठवू नका’. तेच चिन्ह माहितीत आलं तर त्याला वेष बदलून पाठवावं लागतं, टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अंक, %23 असं. ते काम करणारी दोन फंक्शनं लायब्ररीत तयार असतात. एक अख्ख्या पत्त्यासाठी, ते राखीव चिन्हांना हात लावत नाही. दुसरं पत्त्यात भरायच्या एकेका तुकड्यासाठी, ते कुणालाच सोडत नाही. मी पहिलं वापरलं होतं. आमच्या चिनी अक्षरांतल्या नावांची टक्क्यांची माळ छान होत होती, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. चाचणीला आम्ही आमचे मोबाइल नंबर टाकले होते. त्यांना कुठलं आलंय एक्सटेन्शन? आजींचा नंबर मात्र # पाशी तुटायचा, सतरा गळायचे आणि पुढची खुर्चीही. खुर्ची आली नाही म्हणजे नकोय, असं साइट धरून चालायची. तेही मीच ठरवलेलं.

नगरपालिकेच्या बिएनबाई गुरुवारी मीटिंगला आल्या. गानसाहेबांनी मला जिन्यात गाठलं.

“फॉर्मवर एक ओळ टाकू, फोन नंबरात # लिहू नये. मिटला विषय.”

“आणि आजींच्या तीन नोंदी?”

“त्या राहू द्या. जूनमध्ये करार नवा व्हायचाय. सहा वर्षं चूक होती म्हणून सांगायचं का?”

“होतीच की.”

“कुणाची?”

“माझी!”

“मग तुम्हीच का बोंबलताय, बाई?”

“म्हणूनच बोंबलतेय! पत्त्यात कुठलं चिन्ह राखीव आहे ते एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईने पाठ करायचं, आणि पगार मी घ्यायचा?”

आत जाऊन मी लॅपटॉप सरळ बिएनबाईंपुढे सरकवला. “तुमच्या ऑफिसचा नंबर टाका. एक्सटेन्शनसकट. खुर्चीची खूण करा.”

त्यांनी केली. यादीत खुर्ची आली नाही. “अहो, मी आत्ताच टिक केलं!” त्या ओरडल्या.

“आजीही हेच म्हणत होत्या.”

मी त्यांच्यादेखत दुरुस्ती चढवली. प्रत्येक तुकडा आता दुसऱ्या फंक्शनमधून जाणार होता. त्यांनी फॉर्म पुन्हा भरला, आणि एक्सटेन्शन आलं, खुर्चीही आली.

“अहवालात कारण काय लिहू?” बिएनबाईंनी विचारलं. गानसाहेबांनी तोंड उघडलं, पण मी बोलू दिलं नाही. “लिहा, चूक योउ पेइ-लिंगची. आणि अशाच खोट्या नोंदी पडलेले एकेचाळीस लोक आहेत, ही यादी. सगळ्यांच्या नोंदी पुसा. आत्ता, माझ्यासमोर.”

त्यांनी पुसल्या. गानसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तेवढ्याने गाडीचं भागलं, पण मजल्याचं काय? मी तशीच आश्रमात गेले. मोबाइलवर साहेबांचा मेसेज धडकला, ‘कुणालाही लेखी काही देऊ नका.’

आजी खिडकीत बसल्या होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी गुडघ्यांवरची शाल फेकून दिली.

“म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?”

“आहे, आजी. चूक माझी.”

“हे लिहून दे. मोठ्या अक्षरांत दे, माझ्या मुलाला चष्मा लावायचा कंटाळा.”

मी लिहिलं. आजींनी खुर्चीची खूण तिन्ही वेळा केली होती, ती माझ्या कामातल्या चुकीने हरवली, आजी काहीही विसरल्या नाहीत. आजींनी दोनदा वाचलं आणि कागद छातीशी धरला.

“तिसऱ्या खेपेला मी तळहातावर लिहून ठेवलं होतं, खूण केली म्हणून,” त्या म्हणाल्या. “तरी सगळे म्हणाले, आजी, विसरलात. मग मला वाटायला लागलं, हातावरचंही मी खोटंच लिहिलं असेल.”

मला रडू आलं. मी कागद परत मागून घेतला, खाली पूर्ण नाव लिहिलं, कंपनीचा पत्ता लिहिला आणि पर्समधून माझ्या नावाचा, आमच्याकडे सहीच्या जागी चालतो तो शिक्का काढून लालभडक उमटवला.