डाव्या हाताचं अक्षर

"नाव लिहू नका. मनात असेल ते लिहा. चिठ्ठ्या माझ्याशिवाय कुणी बघणार नाही," प्रशिक्षक बाई म्हणाल्या, आणि ती खरं लिहून बसली.

औषधाच्या बाटल्यांना झाकणं बसवणाऱ्या मशीनवर ती सात वर्षं होती. कामगारांचा हुरूप वाढावा म्हणून कंपनीने या बाईंना दोन दिवसांसाठी बोलावलं होतं. कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला लावून सगळ्यांना गोल बसवलं होतं. तिने लिहिलं, 'तीन नंबरच्या मशीनची बोटं वाचवणारी जाळी सुपरवायझर काढायला लावतात. काम भराभर होतं, पण मागच्या महिन्यात एकीचं बोट थोडक्यात वाचलं.'

जेवणानंतर बाई चिठ्ठ्या मोठ्याने वाचू लागल्या. कुणी बघणार नाही म्हणाल्या होत्या, मोठ्याने वाचणार नाही असं कुठे म्हणाल्या होत्या! तिची चिठ्ठी आली तेव्हा सुपरवायझर दाराशी उभा होता. त्याने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. ती चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

सुटी होताना त्याने सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला. "प्रशिक्षण कसं वाटलं, चार ओळी लिहून उद्या आणायच्या. हाताने लिहायच्या."

घरी तिने ताट तसंच सरकवलं. जावेने खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं.

"चिठ्ठीशी अक्षर जुळवणार तो," ती म्हणाली. "गेली माझी नोकरी."

"त्यात काय एवढं? डाव्या हाताने लिही," जाऊ म्हणाली. "तुझ्या बापाला ओळखू येणार नाही."

तिने डाव्या हाताने चार ओळी लिहिल्या. अक्षरं नुसती कोंबडीचे पाय. तरी तिला जरा धीर आला.

दुसऱ्या दिवशी अकराला मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. आत सुपरवायझर आणि प्रशिक्षक बाई होत्या. टेबलावर तिने सकाळी दिलेला कागद.

"बाकी चाळीस जणी माणसासारखं लिहितात," सुपरवायझर म्हणाला. "हिलाच एकटीला अक्षर लपवावंसं का वाटलं?"

जावेच्या शहाणपणाने घात केला होता.

"चिठ्ठ्या मी काल फाडून टाकल्या," प्रशिक्षक बाई घाईघाईने म्हणाल्या. "जुळवायला काही नाही. आणि मी मोठ्याने वाचायला नको होतं. चूक माझी आहे."

म्हणजे नाही म्हटलं तरी चालणार होतं! मॅनेजर तिच्याकडे बघत होते. "ते जाळीचं तू लिहिलंस का?"

'नाही' अगदी जिभेवर होतं. पण तीन नंबरवर आज नवी मुलगी बसली होती, अजून बाटली सरळ धरायलाही न शिकलेली. तिच्या डोळ्यांपुढे त्या मुलीची बोटं आली.

"मीच लिहिलं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की तिला पुन्हा सांगावं लागलं. "साहेब, तुम्ही खाली येऊन बघा. आत्ता या."

सुपरवायझर म्हणाला, "शिफ्ट चालू असताना कशाला?" पण मॅनेजर उठले होते.

ती पुढे होऊन जिना उतरली. जाळी पिंपामागे पडलेली होती, वर धूळ. मॅनेजरांनी मशीन बंद करायला लावलं, आणि जाळी बसल्याशिवाय ते तिथून हलले नाहीत.

सुपरवायझरला लेखी ताकीद मिळाली. नोकरी दोघांचीही राहिली. प्रशिक्षक बाई जाताना तिला शोधत आल्या, पण नुसता तिचा हात धरून निघून गेल्या.

सोमवारी सुपरवायझर तिच्या मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ. तिच्या तळहातांना इतका घाम सुटला की बाटल्या निसटायला लागल्या. शेजारच्या मशीनवरचीने मान न वळवता आपल्या खिशातलं फडकं तिच्या अंगावर टाकलं. तिने हात पुसले आणि पुढची बाटली उचलली.