पावलांची मापं

बालगृहात मोठ्या काकूंचा शब्द खाली पडत नसे. चोवीस वर्षं त्या समितीच्या अध्यक्ष, त्याही बिनपगारी. आणि बिनपगारी माणसाला बोलणार तरी कोण? शाळा उघडायच्या आधी त्यांचा एक नेम ठरलेला. मधल्या खोलीत सतरंजी अंथरायची, गुडघे कुरकुरले तरी खालीच बसायचं आणि एकेका मुलाचं पाऊल जाड कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवायची. मग तो गठ्ठा बुटांच्या दुकानात. चाळीस पोरांचे बूट काकूंकडून, दरवर्षी, न चुकता.

"देणाऱ्याने खाली बसावं," त्या म्हणत. "घेणाऱ्याच्या पायाशी बसलं की आपलं डोकं जागेवर राहतं." लहानपणी एका प्रवचनात ऐकलेलं हे वाक्य त्यांनी जन्मभर जपलं होतं.

यंदा समितीत नव्याने आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक सूचना मांडली. मुलांनाच दुकानात नेऊ, घालून बघू दे, आवडेल ते घेऊ दे.

काकू हसून म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, तुम्ही दात सांभाळा. पाय माझ्याकडे राहू दे."

सगळे हसले आणि सूचना तिथेच गार पडली.

बूट आले, वाटले गेले. चाळीस पोरांनी एका सुरात "थँक्यू काकू" म्हटलं. काकूंचे डोळे भरून आले. दरवर्षीच येत.

त्यानंतर दीड महिन्याने काकू एका सकाळी अवचित बालगृहात गेल्या. एरवी त्यांचा वार शनिवार, पोरांना गोष्टी सांगायचा. पुढची पायरी धुवायला काढली होती, म्हणून त्या स्वयंपाकघराच्या दाराने आत आल्या आणि दाराआडूनच त्यांना व्हरांडा दिसला. पोरं शाळेला निघाली होती. एकाचाही बूट धड पायात नव्हता. सगळ्यांच्या टाचा बाहेर, बुटांची मागची बाजू चेपलेली, आणि चालणं फटक-फटक.

तेवढ्यात खिडकीशी पहाऱ्याला उभी असलेली सात वर्षांची टिकटिक ओरडली, "काकू आल्या! टाचा आत!"

क्षणात चाळीस पोरं खाली वाकली. ओठ दाबून टाचा आत कोंबल्या, पाठी ताठ केल्या, तोंडावर हसू आणलं. मग टिकटिक म्हणाली, "नाही गं, टपालवाल्या बाई आहेत." सगळ्यांनी हुश्श केलं. टाचा पुन्हा बाहेर.

काकू वळल्या. मागे स्वयंपाकीण मावशी हातात झारा घेऊन उभी होती.

"मावशी, हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," मावशी खालच्या आवाजात म्हणाली. "गेल्या वर्षीही थोडं होतंच."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला कोण सांगणार, काकू?"

काकू व्हरांड्यात गेल्या. पोरं जिथल्या तिथे थिजली. काकूंनी टिकटिकला जवळ ओढलं, फरशीवर बसून तिचा बूट काढला. टाचेला चिकटपट्टी, पट्टीखाली लालभडक.

"अगं, तुझं तोंड झोपेतही बंद नसतं. मग एवढंच का नाही बोललीस?"

टिकटिकने चोरून मोठ्या ताईकडे पाहिलं. ती चौदा वर्षांची, सगळ्यांत थोरली. ताईने मान खाली घातली.

"ताई म्हणाली, काकूंना वाईट वाटेल," टिकटिक पुटपुटली. "मग पुढच्या वर्षी त्या येणारच नाहीत."

काकूंनी सगळ्यांना बूट काढायला लावले. त्या दिवशी पोरं वर्गशिक्षिकांसाठी चिठ्ठी घेऊन चपलांवरच शाळेत गेली.

घरी येताच काकूंनी नवऱ्याला उभं केलं आणि त्याचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. त्याने पाय उचलून परत ठेवला, तर रेघ पायाखाली गडप. काकूंचा हात थरथरत होता, आणि थरथर आवरायला पेन्सिल आतल्या बाजूला कलत होती. मापंच लहान जात होती.

"चहा बशीत सांडायला लागलीस, तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तू ऐकून घेतलं असतंस?"

काकूंनी कागद घडी करून ठेवला. संध्याकाळी देवापुढे हात जोडले, पण मागायला काही सुचेना. 'देवा, चोवीस वर्षं पायांशी बसले रे,' त्या मनाशी म्हणाल्या, 'पण मान वर करून तोंडाकडे कधी पाहिलंच नाही.'

पुढच्या बैठकीत अध्यक्ष निवडायचा होता. निवडायचा म्हणजे काय, काकूंचं नाव घ्यायचं आणि टाळ्या वाजवायच्या. चिटणीस उठणार इतक्यात काकूच उभ्या राहिल्या आणि टाचांची सगळी हकीकत त्यांनी सांगितली, काही न लपवता.

"अहो काकू, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात?" चिटणीस म्हणाले. "एक नंबर मोठे मागवू."

"एवढीशी? पोरं लंगडत होती आणि मला थँक्यू म्हणत होती. हे मी त्यांना शिकवलं, साहेब. दुसरं कोणी नाही." त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "अध्यक्ष तुम्ही व्हा. पोरांना दुकानात न्या. बूट माझ्याकडूनच येतील. कोणी रुसलं, कोणी उलटून बोललं तरी येतील, आणि माझ्या मागेही येतील अशी सोय मी करते. हे ठरावात लिहा आणि आधी पोरांना वाचून दाखवा."

डॉक्टरीणबाईंनी जिंकल्याचा तोरा मिरवला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी दर गुरुवारी मधल्या खोलीत बसेन. तक्रारी ऐकायला."

पहिल्या गुरुवारी कोणी फिरकलं नाही. काकू वही मांडून तासभर भिंत बघत बसल्या. दुसऱ्या गुरुवारी मोठी ताई आली, दारातच घुटमळली, "काही नाही, सहज आले" म्हणून निघून गेली. तिसऱ्या गुरुवारी टिकटिक येऊन समोर बसली.

"भाजीत मीठ जास्त असतं."

"काय गं!" आतून मावशीचा आवाज आला.

"बोलू दे तिला," काकू म्हणाल्या. "पुढे?"

"मुलींच्या न्हाणीघराची कडी लागत नाही. आणि..." टिकटिकने वहीकडे पाहिलं. "आणि तुमच्या गोष्टी फार लांब असतात."

काकूंचा हात वहीवर थांबला. शनिवारच्या त्यांच्या गोष्टी! 'कार्टे, तुझ्यापेक्षा मोठी पोरं त्या ऐकून मोठी झाली' हे अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. गिळायला जड गेलं, खोटं कशाला सांगा.

"किती लांब?"

"झोप येते इतक्या."

काकूंनी ते वेड्यावाकड्या अक्षरात लिहून घेतलं. मग त्यांनी मान वर केली. टिकटिकच्या मागे आणखी दोघं येऊन उभी राहिली होती.