आडवं पातं

"परत पानी उडाडं ना तू," काठावरच्या बाजेवरून अमृत म्हणाला.

नावेत बसलेल्या शीलानं वल्ही ओढणं चालूच ठेवलं. तापीचं पाणी तिच्या तोंडावर होतं, पदरावर होतं. ते नवऱ्यानं सांगायची गरज नव्हती.

"पातं पानीमाच फिरावस तू. आधी दांडा खाले दाब. पातं पुरं बाहेर येऊ दे, मंग मनगट फिराव. आडवं पातं वाराले आडत नही."

"इतलं वाटस ते तुम्हीच या ना वल्हावाले," शीला चिडून म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली. अमृतला बाजेवरून उठवायलाच दोन माणसं लागत होती. फुप्फुसाचा कॅन्सर. नाशिकच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं.

प्रकाशा गावच्या संगमावर लोक लांबलांबून अस्थी घेऊन येतात. बंधारा झाल्यापासून पाणी पसरलंय, त्यावर वारा मोकाट सुटतो. आता मशीनच्या नावा धडधडत जातात आणि घाईनं परत येतात. तरी काही जुनी माणसं अमृतचीच नाव मागायची. त्याच्या नावेत आवाज नसायचा. माणसांना धड रडता यायचं. पण मास्तर म्हणून हा माणूस भलताच खडूस निघाला.

"काय करनं शिकीसन?" एकदा शीलानं विचारलं. "पोटले वावरनं काम शेच."

अमृत बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "माले कोन लई जाई? मशीनमा नको धाडू माले. तू लई जाय."

शीला त्या दिवशी वल्ही तशीच टाकून घरी गेली आणि चुलीपुढे बसून मनसोक्त रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नावेत येऊन बसली. आता शिकणं भाग होतं, आणि वेळ थोडा होता.

"मूठ आवयू नको," तो रोज सांगायचा. भाकर थापताना सैल पडणारे तिचे हात वल्ह्यावर आले की लाकडासारखे व्हायचे. मग एका सकाळी ते आपोआप सैल पडले. पाती पाण्याबाहेर आली, मनगटं फिरली, पाती आडवी होऊन पाण्यावरून निमूट मागे गेली. एक थेंब उडाला नाही. शीलानं हरखून बाजेकडे पाहिलं. अमृतला झोप लागली होती. रात्रभर खोकलेला माणूस, कशाला उठवायचं? उद्या दाखवू, असं म्हणून तिनं नाव काठाला लावली.

तो उद्या काही आला नाही. अमृत त्याच रात्री गेला.

तिसऱ्या दिवशी कोरीटहून आलेला थोरला दीर छगन अस्थींचं गाडगं घेऊन घाटावर उभा राहिला. "मशीननी नाव सांगी ठेयेल शे," तो म्हणाला. "तू घर जाय, शीला. बायास्नी येवानं नसस."

"तुमना भाऊनी सांगेल व्हतं, दादा. त्यास्ना अस्थी आपलीच नावमा जातीन."

"वल्हं कोन मारी मंग?"

शीला नावेत जाऊन बसली आणि तिनं वल्ही हातात घेतली. छगनला भावाची इच्छा मोडवेना, तेव्हा तोही चढला, त्याच्यामागे भाऊबंद चढले.

वारा होता. संगमाच्या मधोमध छगननं गाडगं सोडलं, वर झेंडूची माळ सोडली, आणि म्हणाला, "आते कोनी मांगे देखू नका." सगळ्यांनी घाटाकडे तोंडं केली. शीलानं नाव वळवली.

वल्ही ओढणारा जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतो. घाट तिच्या पाठीशी होता आणि माळ अगदी समोर. स्मशानातही जाऊ न दिलेल्या शीलाला, नावेतल्या सगळ्यांत तिला एकटीलाच, ती माळ दिसत होती. अमृत इतका का मागे लागला होता, ते तिला तिथं कळलं.

तिनं पाती बाहेर काढली, आडवी केली आणि तशीच धरून ठेवली. नाव हळूहळू थांबत गेली.

"काय व्हयनं?" छगननं मागे न पाहता विचारलं.

"काही नही," शीला म्हणाली. माळ दिसेनाशी झाली, तेव्हा तिनं पाती परत पाण्यात घातली.