आठ ओळींचा सराव

“पुन्हा वाच. ‘घर’ म्हणताना अडखळलीस तू,” आई म्हणाल्या.

मी पुन्हा सुरुवात केली. हे शरीर माझं नाही. हे घर माझं नाही. दुपारचे तीन वाजले होते. माझ्या सासूबाई उजव्या कुशीवर, हात गालाखाली घेऊन मरायचा सराव करत होत्या, आणि मी खाटेशेजारी स्टुलावर बसून त्यांनीच कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेल्या आठ ओळी सावकाश वाचत होते. माझा एक कान बाहेर होता. बाहेरच्या खोलीत माझी अडीच वर्षांची मुलगी होती, आणि अडीच वर्षांचं मूल एकटं असताना शांतता असेल तर काहीतरी तोंडात गेलेलं असतं.

डॉक्टरांनी हात टेकले होते. हृदय थकलंय, म्हणाले. दोन महिने, फार तर तीन. आईंनी ते ऐकून घेतलं आणि घरी येताना रिक्षात विचारलं, की आता उरलेलं काम घरीच करता येईल ना. काम म्हणजे हे. निवृत्त झाल्यापासून त्या ध्यानकेंद्रात जायच्या. तिथल्या वृद्ध भन्त्यांनी शिकवलं होतं, की शेवटच्या क्षणी चित्त जिकडे असेल तिकडे पुढचा जन्म. आयत्या वेळी चित्त ऐकत नाही, म्हणून आधीपासून वळण लावायचं.

वाचायचं काम मुलाला न देता मला का दिलं, हे मी विचारलं होतं. “तो? तो लहानपणी कोंबडीचं पिल्लू दिसलं नाही म्हणून दोन दिवस जेवला नव्हता. पहिल्याच ओळीला गळा काढेल. तू काळजी करतेस. काळजी करणारं माणूस वेळ चुकवत नाही.”

ही स्तुती होती की टोमणा, मला कळलं नाही. पण खोटं नव्हतं. मी रोज उठून मुलीच्या नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघते. आई ध्यानात आपला श्वास बघायच्या. घरातल्या आम्ही दोघी श्वासाच्या मागे लागलेल्या, एवढंच आमच्यात साम्य.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. पुनर्जन्मावर माझा विश्वास नाही, हे त्यांना माहीत होतं. “नसला तर नसला,” त्या म्हणाल्या होत्या. “निदान मेले तरी नीट, एवढं तरी होईल. आणि पुनर्जन्म असलाच, तर जीव इथंच अडकून मी तुमच्या भिंतीवर पाल व्हायचे. मग तूच झाडू घेऊन मागे लागशील.”

एकतीस वर्षं त्यांनी एका हॉस्पिटलच्या धुलाई विभागात काढली. चादरी मोजून घ्यायच्या, डाग बघून वेगळ्या करायच्या, धुऊन आल्या की दोघींनी चार टोकं धरून झटकायच्या, मोठ्या गरम रुळांतून काढायच्या, घड्या घालायच्या. त्या सांगायच्या, की कुठलं माणूस गेलंय ते चादरीवरून कळायचं नाही, पण कसं गेलंय ते कधीकधी कळायचं. काही चादरींच्या कडा मुठीत धरधरून इतक्या चुरगळलेल्या असायच्या, की रुळातून दोनदा काढल्या तरी खूण राहायची. त्यांना तसं जायचं नव्हतं. त्यांना आयुष्यात हवं असलेलं दुसरं काही मी तरी ऐकलं नाही.

त्या दिवशी मी सहाव्या ओळीशी पोचले. ज्यांना माझं म्हटलं, ती माणसंही माझी नाहीत. तेवढ्यात बाहेर चुंई-चुंई आवाज झाला. माझ्या मुलीचे बूट. चालताना वाजणारे ते बूट आईंनीच आणले होते, आणि घरभर गिरक्या घेते म्हणून तिला भिंगरी हे नावही त्यांनीच ठेवलं होतं. आईंच्या मिटलेल्या पापण्या हलल्या. मान दाराकडे वळली. मग त्यांनी डोळे उघडले आणि छताकडे बघत म्हणाल्या, “रोज इथंच.”

मी कागद खाली ठेवला.

“नवरा सुटला. तो तर माझ्याआधीच सुटला. मुलगा तुझ्या गळ्यात बांधला, तोही सुटला. ही काही सुटत नाही. बुटांचा आवाज आला की मी परत इथं.”

मग त्यांनी ते मागितलं. उद्यापासून भिंगरीला या खोलीत आणायचं नाही. “आणि शेवटी तर नाहीच. मी मागितली तरी आणू नकोस. तेव्हा मागणारी मी नसेन, सवय असेल. कबूल कर.”

मी कबूल केलं. खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. औषधांच्या बाटल्या, तो वास, सुजलेले पाय, हे मुलीने बघावं का, असा घोर मला होताच. आणि वाईटही वाटलं. तिची आजी तिला नको म्हणत होती.

पहिले चार दिवस भिंगरीने दारावर थापा मारल्या. थाप पडली की आत आई डोळे घट्ट मिटून घ्यायच्या आणि मी आवाज न बदलता पुढची ओळ घ्यायचे. नवरा मुलीला उचलून जिन्यात घेऊन जायचा आणि मग माझ्याशी बोलायचा नाही. आठवड्याने ती नुसती दाराशी बसायला लागली. पुढे तिने स्वतःच ठरवून टाकलं, की आजी कामाला जाते. पाचव्या आठवड्यात एकदा मी स्वयंपाकघरातून बघितलं, तर ती त्या दारावरून ठोकळे घेऊन गेली आणि तिने दाराकडे पाहिलंही नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही.

सातव्या आठवड्यात, मंगळवारी, आईंच्या श्वासात खंड पडायला लागले. मी मोजत होते. एका खंडात सोळापर्यंत आकडे झाले. नवरा बाहेर फोनवर बहिणीला निघायला सांगत होता. मी कागद घेतला. पहिल्या ओळीआधीच आईंनी डोळे उघडले.

“भिंगरी कुठंय?”

“झोपलीय,” मी म्हणाले. त्याच वेळी बाहेर बूट वाजले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “आण,” म्हणाल्या.

मी उठले नाही. त्यांनी मला बजावलं होतं ते याच क्षणासाठी, आणि मी शब्द दिला होता. त्यांनी पुन्हा मागितलं नाही, फक्त दाराकडे बघत राहिल्या. मी पुढचा खंड मोजला. अठरा. मग मी उठले. ते त्यांच्यासाठी होतं असं मी म्हणणार नाही. वीस वर्षांनी ही मुलगी मला विचारेल, की दार का उघडलं नाहीस, आणि माझ्याकडे आठ ओळींचा एक कागद असेल, ही भीती मोठी ठरली.

मी तिला कडेवर आणलं. तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं, पाहुण्यांसमोर खुपसते तसं. “कोण आहे सांग?” मी विचारलं. विचारायला नको होतं. तिने एका डोळ्याने बघितलं. आईंच्या तोंडाकडे, पांढऱ्या केसांकडे, मग उशाशी ठेवलेल्या ड्रॉपरकडे. ड्रॉपरकडे जास्त वेळ बघितलं.

“खाली,” ती म्हणाली. मी तिला खाली ठेवलं. ती खाटेकडे गेली नाही. माझा ड्रेस ओढून म्हणाली, “आई, चल ना.” मी हलले नाही तेव्हा एकटीच निघाली. बूट दारातून बाहेर गेले, खोली ओलांडून बापापाशी पोचले आणि थांबले. तिने मागे वळून बघितलं नाही.

आई तिच्या पाठीकडे बघत होत्या. ती दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ तिकडेच बघत राहिल्या. मला वाटलं, मी सगळं नासवलं. दीड महिन्याचं त्यांचं काम, आणि माझा शब्द.

“तिचा सराव माझ्याहून पक्का झालाय,” त्या म्हणाल्या. मधे श्वास घ्यायला थांबल्या. “वाच आता.”

त्यांनी उजव्या कुशीवर वळायचा प्रयत्न केला, मी पाठीशी उशी लावली. मग वाचलं. ‘घर’ म्हणताना अडखळले नाही. सहाव्या ओळीला बाहेर भिंगरी मोठ्याने हसली, बापाने काहीतरी केलं असावं. आईंची मान हलली नाही. ऐकू येत असूनही हलली नाही, की आधीच काही ऐकू येत नव्हतं, हे मला माहीत नाही. आठही ओळी पुऱ्या केल्या. मग साठपर्यंत मोजलं, आणि मग मोजणं सोडून दिलं.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. भन्त्यांनी सांगून ठेवलं होतं, की श्वास थांबल्यावर चार तास देहाला हात लावायचा नाही, जवळ रडायचं नाही. जाणाऱ्याची वाट मोडते. नवरा दारात आला. मी बोट ओठांवर ठेवलं. त्याने गळ्यातल्या टॉवेलचा बोळा तोंडावर धरला आणि तसाच मागे फिरला.

मी स्टुलावर बसून राहिले. आईंच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं होतं आणि कुशीवर असल्यामुळे ते नाकाच्या दांडीवर येऊन थांबलं होतं. एवढंसं. पुसायला माझा हात दोनदा उठला. मग मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. सात वाजून दहा मिनिटांनी मी उठले, तेव्हा तिथे पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं.