कोपऱ्यातली सैल फळी

विद्यापीठाच्या बर्फावरच्या हॉकीच्या रिंकने नव्वदी ओलांडली होती, आणि गोलमागच्या डाव्या कोपऱ्यातली एक फळी तितकीच जुनी आणि सैल होती. तिच्यावर आपटलेली चकती कडेकडेने पुढे घसरण्याऐवजी टुणकन गोलसमोर उडायची. घरच्या पोरींना ते पाठ होतं, पाहुण्या गोलकीपरची मात्र दरवेळी फजिती. रेनो लाहती तीस वर्षं तिथला सुतार, बर्फवाला आणि दिवेवाला. फळी बसवू का, असं त्याने प्रत्येक प्रशिक्षकाला विचारलं होतं आणि प्रत्येकाने त्याला वेड्यात काढलं होतं.

शुक्रवारी सकाळी सध्याचा प्रशिक्षक डोनेली स्वतःच आला. "रेनो, ती फळी आज घट्ट करून टाका."

"आज बरी आठवण झाली?"

"नियम आहे ना."

"नियम गेल्या वर्षीही होता की."

डोनेली हसला. "उद्या समोर गोलमध्ये कोण आहे, माहीत आहे ना? फोनवर काही बोललात तर बघा हं."

गोलमध्ये कायसा होती, रेनोची मुलगी. ती याच रिंकमध्ये चालायच्या आधी घसरायला शिकली. उंची कमी म्हणून याच डोनेलीने तिला परत पाठवलं, म्हणून ती सरोवरापलीकडच्या विद्यापीठाकडून खेळत होती. चकती कोपऱ्यात आपटली की ती सवयीने पुढे येणार, आणि घट्ट फळीवरून चकती मात्र गोलमागून फिरून दुसऱ्या बाजूला निघणार. तिथे जाळं मोकळं.

रेनोने बारा स्क्रू मारले. काम नियमातलं, पगार विद्यापीठाचा. नाही म्हणायला जागाच नव्हती. संध्याकाळी कायसाचा फोन आला. अर्धा तास तो बटाट्यांवर बोलत राहिला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

शनिवारी सामन्याआधी कायसा बर्फावर उतरली. एक फेरी मारली आणि कोपऱ्यावरून सरळ पुढे गेली. वर बाकावर बसलेला रेनो पुढे झुकला. लाकडावर विश्वास ठेवायचा तर आधी ठोकून बघायचं, हे त्याने तिला लहानपणीच शिकवलं होतं. विसरली वाटतं पोरगी.

मग ती वळली. फळीवर स्टिक दोनदा ठोकली. एरवी खडखडणारी फळी आज टक्क वाजली. तिने तिसऱ्यांदा ठोकली आणि वर पाहिलं. रेनो आपल्या बुटांकडे बघत होता.

पाहुण्यांनी एक गोल केला. शेवटच्या मिनिटाला डोनेलीच्या पोरींनी चकती त्या कोपऱ्यात हाणली. कायसा पुढे आलीच नाही. ती दुसऱ्या खांबाला जाऊन चिकटली आणि चकती तिच्या पायावर आपटली. डोनेलीच्या हातून सामना गेला.

बोळात डोनेलीने रेनोला गाठलं. "शेवटी बाप तो बापच! सांगितलंत ना तिला?"

रेनो काही बोलणार, तोच मागून कायसा आली. केस ओले, खांद्यावर पिशवी.

"सांगितलं की," ती म्हणाली. "मी सहा वर्षांची होते तेव्हा."

डोनेली पुटपुटत निघून गेला. रेनोने वेलदोड्याच्या पावाचा डबा पुढे केला.

"अर्धा तास बटाटे, बाबा?"

"अगं, तुला सांगितलं असतं तर..."

"सांगायचं नव्हतंच. पण फोन तरी ठेवायचास. मी वेडी, तुला एकटं वाटत असेल म्हणून ऐकत बसले."

कायसाने डबा घेतला.

"फळी मात्र चांगली बसवलीयस," ती म्हणाली आणि पाहुण्यांच्या बसकडे चालू लागली.