खाटेपाशी उभा राहिलेला पडदा

मी वॉर्डातला पडदा बोलतोय. लोखंडी नळ्यांची चौकट, खाली चाकं, अंगावर हिरवं कापड. चिंचवडच्या एका शेडमध्ये माझं वेल्डिंग झालं आणि सत्तर सालच्या आसपास मी पिंपरीच्या या दवाखान्यात आलो.

दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, हे मलाही कळतं. पण दोन खाटांच्या मधे उभं केल्यावर कान कुठं ठेवायचे? सासवा-सुनांच्या कुरबुरी, कंपनीतल्या बदल्या, कुणाचं लग्न मोडलं, सगळं ऐकलं. थकून गेलो ऐकून.

नर्सिंग शिकायला येणाऱ्या पोरी मला ओढत न्यायच्या. त्यातली एक नीला. बापाची कारखान्यात शिफ्ट, घर पिंपरीच्या चाळीत. हात चलाख, पण आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा.

एका सकाळी निघोजे गावच्या कोंडीरामचं अंग पुसायचं म्हणून तिनं मला त्याच्या खाटेपाशी आडोशाला लावलं. कारखान्यात प्रेसच्या मशीनवर त्याचा पाय मोडला होता, आदल्या दिवशी प्लॅस्टर झालेलं. तो कण्हत होता.

पलीकडच्या खाटेवरून दत्तोबा ओरडला, "कोंड्या, पोरगी आली की बऱ्या कळा येतात रं तुला!"

"गप ए! बाई, लय आवळलंय वो."

दुखलं की द्यायची गोळी नीलाच्या हातात होती. ती देऊन मोकळं होता आलं असतं. पण तिनं चादर वर केली. बोटं सुजलेली, गार. नख दाबून सोडलं, तर पांढरंच राहिलं.

"बोटं हलवा बघू."

"हलत न्हाईत. मघाशी मुंग्या व्हत्या, आता कायबी कळंना."

पलीकडं मोठ्या डॉक्टरांचा राऊंड चालू होता. राऊंडमध्ये शिकाऊ पोरीनं तोंड उघडायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. तोवर पडद्याआड उभं राहायचं. नीला उभी राहिली. तिचा हात माझ्या नळीवर होता. प्लॅस्टरनं रक्त अडलं होतं; पाय जाईल की राहील, ते ती किती वेळ उभी राहते त्यावर होतं.

मग तिनं मला जोरात बाजूला लोटलं.

"सिस्टर, प्लॅस्टर आवळतंय! बोटं गार पडलीत!"

"नीला, राऊंड चालू आहे!" वॉर्डच्या सिस्टर कुसुमताई कडाडल्या.

"माहितीये, सिस्टर. पण थांबता येणार नाही."

डॉक्टर आले. प्लॅस्टर उभं चिरलं. हळूहळू बोटांवर लाली आली आणि कोंडीराम लेकरासारखा रडला. दत्तोबानं तोंड भिंतीकडं केलं. नीलाला बोलणी बसलीच.

पण पुढच्या वर्षीच्या पोरींना कुसुमताईच शिकवू लागल्या, "आधी बोटं बघा, मग गोळी."

पोरींनी ते पाठ केलं. एकदा दम लागलेला म्हातारा धापा टाकत होता, आणि एक पोरगी त्याच्या पायाची बोटं दाबत बसली! हसावं की रडावं? ओठ निळे पडत होते त्याचे. सिस्टरांनी धावत येऊन ऑक्सिजन लावला, म्हणून निभावलं.

शिकाऊ पोरींच्या अशा किती तुकड्या आल्या नि गेल्या. आता वॉर्डात छताला सळईवरचे पडदे लागलेत. माझं एक चाक गेलं, कापड विरलं. दवाखान्याच्या धोबीघाटामागं माझ्यावर ओली बँडेजं वाळत घालतात. तक्रार नाही, उभं राहून पाय भरून आलेत.

जाता जाता एवढंच सांगतो, पोरींनो. पाठ केलेलं विसरू नका, पण समोरच्या माणसाकडं आधी बघा. काही वावगं दिसलं, तर मानापमान सोडून हाक मारा. मी नुसता आडोसा होतो. आडोशाआड एकटा पडलेला माणूस तुमच्याच भरवशावर असतो.