हाताला येईल एवढी दोरी

मित्रांनो, दोरी म्हटले की तुम्हाला उड्या मारायची दोरी आठवेल, नाहीतर कपडे वाळत घालायची. मी त्यातली नाही. मी एका वृद्धाश्रमाच्या खोलीतली, बेलची जुनी दोरी आहे. खाटेच्या उशाशी, छताजवळ भिंतीवर एक लहानशी पेटी आहे. तिच्यातून मी खाली लोंबते. माझ्या टोकाला लाल प्लास्टिकचा त्रिकोण आहे. तो ओढला की बाहेर व्हरांड्यात बेल वाजते, दारावर तांबडा दिवा लागतो आणि कुणीतरी धावत येते. निदान यावे, अशी अपेक्षा असते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या यंत्रावर पांढरे धागे एकमेकांभोवती फेर धरत आणि त्यातून आम्ही विणल्या जात असू. माझ्या कितीतरी बहिणी पडद्यांना गेल्या, कितीतरी बुटांना. मी आणि माझी जुळी बहीण एका वायरमनच्या पिशवीतून इथे आलो. खोलीत दोन खाटा होत्या. एकीच्या उशाला ती लागली, दुसरीच्या उशाला मी. वायरमन मोठा हसरा होता. मला बसवून झाल्यावर तो सरळ खाटेवर आडवा झाला, पडल्या पडल्या हात लांब केला आणि मला ओढले. बेल खणखणीत वाजली. "आमच्या सासूबाईंना हे दाखवू नका हं," तो म्हणाला. "उद्याच्या उद्या घरी बसवून मागतील!"

ते दिवस आठवले की अजून बरे वाटते. तेव्हा माझ्या खाटेवर बोटीवरचे एक म्हातारे आचारी राहत. आमटी खारट झाली तरी ते मला ओढत आणि अळणी झाली तरी ओढत. त्यांच्या तक्रारीला सगळे हसत, पण येत. एकदा जेवताना त्यांच्या घशात घास अडकला. तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी मला असा हिसका दिला की माझी वीण ताणली गेली. सगळ्या मदतनिसांत थोरली, तिला सारे मोठी ताई म्हणत, ती हातातले टाकून धावली. तिने त्यांच्या पाठीत बुक्के घातले आणि घास बाहेर पडला. श्वास जागेवर आल्यावर आजोबांनी माझा त्रिकोण मुठीत धरला आणि म्हणाले, "पोरी, तू होतीस म्हणून." मला कुणी 'पोरी' म्हटले ते तेवढेच.

आजोबा गेले. हळूहळू मदतनीसही कमी झाल्या. कुणी सोडून गेल्या, कुणाला काढले. मोठी ताई राहिली, पण आता सगळा मजला तिच्या एकटीच्या गळ्यात आला. लादी पुसताना ओला बोळा मला लागायचा, म्हणून ती मला उचलून भिंतीवरच्या दिव्याच्या लोखंडी दांडीवर अडकवायची. आधी लादी वाळली की न चुकता सोडायची. मग घाईत विसरू लागली. मग त्या विसरण्याची सवय झाली, आणि सवय सगळ्यांच्या सोयीची निघाली. दोरी वर असली की बेल नाही, आणि बेल नाही तर पळापळ नाही. मी ताईला दुष्ट म्हणणार नाही. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि कंबर धरलेली होती. पण मी वर होते, हेही तितकेच खरे.

अशात माझ्या खाटेवर शिंपीणआजी आली. जन्मभर शिवणयंत्र चालवलेली बाई. एक झटका आला आणि तिचे उजवे अंग लुळे पडले. जीभही जड झाली. डावा हात तेवढा तिचा राहिला. शेजारच्या खाटेवर कंडक्टरआजी होती. बसमध्ये तिकिटे फाडण्यात तिचे आयुष्य गेले होते. डोळे पार गेले होते, आवाज मात्र होता तसाच होता.

"कोण आलं गं?" पहिल्या दिवशी तिने विचारले.

"शिं...पीण," आजी कशीबशी म्हणाली.

"बरं झालं. माझं तोंड शिवायला इथं सगळे टपलेच आहेत. आता शिवणारीच आली!"

शिंपीणआजी हसली. तिचे अर्धेच तोंड हसले, पण हसली.

एकदा मी खाली असताना तिने मला बोटांत धरले, वीण अंगठ्याने चाचपली आणि म्हणाली, "चांगली... विणलीय." कापड ओळखणाऱ्या हाताची ती शाबासकी होती. मला आचारी आजोबांची आठवण झाली.

तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. पडायची. न्हाणीघरापर्यंत तिला आधाराशिवाय जाता येत नसे, आणि अंथरुणात झाले तर त्याची लाज तिला मरणाहून जड होती. म्हणून ती रोज ताईला विनवायची, "दोरी... खाली सोड ना गं."

"सोडते हं आजी. आत्ता पुसतेय ना? पुसून झालं की सोडते."

लादी वाळायची. मी वरच असायचे.

रविवारी मुलगा आला की आजी त्याला माझ्याकडे बोट दाखवायची. तो मला खाली काढायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "आई, एवढ्याशा दोरीवरून मी त्यांच्याशी भांडू का? इथून काढलं तर दुसरीकडे जागा मिळत नाही गं. जरा जमवून घे." तो वाईट नव्हता. भित्रा होता. सोमवारी लादी पुसली जायची आणि मी पुन्हा दांडीवर.

तुम्ही म्हणाल, अशा जागी कुणी तपासायला येत नाही का? येत असत की! आधी कळवून येत. मग दोन दिवस फिनेलचा वास सुटायचा. नवे पडदे लागायचे. आम्हा दोघी बहिणींना साबणाने धुऊन खाली सोडले जायचे. तपासनीस साहेब आले, खाटेच्या उशाशी उभे राहिले आणि त्यांनी मला ओढले. बेल वाजली. ताई दाराबाहेर उभीच होती, ती लगेच आत आली.

"वा! तत्पर आहात," साहेब म्हणाले. मग वाकून मोठ्याने विचारले, "काय आजी, बेल वाजवली की येतात ना सगळे?"

मॅनेजरबाई आजीच्या मागे उभी होती. आजीच्या खांद्यावरचे पांघरूण ती इतक्या मायेने सारखे करत होती, की पाहणाऱ्याला गहिवरून यावे. आजीने साहेबांकडे पाहिले. मग खांद्यावरच्या त्या हाताकडे पाहिले. साहेब दुपारी जाणार होते. संध्याकाळचा घास याच हातांनी मिळणार होता.

"ये...तात," आजी म्हणाली.

"साहेब," शेजारून कंडक्टरआजी ओरडली, "तुमची गाडी आमच्या थांब्यावर एवढीच थांबते होय? बसा की जरा!"

"आजी मिश्कील आहेत," म्हणत साहेब हसले आणि पुढच्या खोलीत गेले. कागदावर माझ्यापुढे बरोबरची खूण झाली. खोटी नव्हती ती. मी वाजले होते. मी नेहमीच वाजत होते. मला ओढणारा हात तेवढा उभ्या माणसाचा होता.

त्यानंतरची एक दुपार. जेवणे उरकली होती. मी वर अडकलेली. शिंपीणआजीला न्हाणीघराकडे जायचे होते. ती बराच वेळ कळ सोसून राहिली. मग डाव्या कोपरावर उठली, खाटेची कड धरून एका पायावर उभी राहिली आणि हात वर केला. तिचे बोट माझ्या त्रिकोणाला लागले. मित्रांनो, मी दोरी आहे. मला स्वतःहून एक बोटभरही खाली सरकता येत नाही. त्रिकोण हलला, आजीचा पाय सरकला आणि ती लादीवर आदळली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. तुम्ही कधी न ऐकाल तर बरे.

"शिंपीणबाई? अगं, काय झालं?" कंडक्टरआजी अंदाजाने हवेत हात फिरवू लागली. तिची दोरीही वरच होती. मग ती ओरडू लागली. "अहो, या कुणीतरी! बाई पडली! कुणी आहे का?"

व्हरांड्यातून आवाज आला, "सुटल्या कंडक्टरबाई! यांचं रोजचंच आहे." कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.

चहाची गाडी आली तेव्हा शिंपीणआजी सापडली. लादी ओली होती. ज्या लाजेला ती एवढी भ्यायची, तीच तिच्या अंगाखाली पसरली होती. ओरडून ओरडून कंडक्टरआजीचा घसा बसला होता. आजीला इस्पितळात नेले. तिथून ती परत आली नाही.

तिचे सामान न्यायला मुलगा आला. एक चष्मा, दोन पोशाख आणि शिवताना बोटात घालायची पितळी टोपी.

"आम्ही सांगत होतो, उठू नका," मॅनेजरबाई म्हणाली. "ऐकायच्याच नाहीत. हट्टी होत्या फार."

 मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग हात उंच करून मला दांडीवरून काढले आणि खाली सोडले. कितीतरी वेळ तो त्रिकोण मुठीत धरून उभा होता. जे भांडण आई असताना करायचे, ते त्याने आई गेल्यावर केले.

त्याच्या तक्रारीमुळेच एक दिवस न कळवता एक तपासनीस बाई आली. ना फिनेल, ना पडदे. मी नेहमीसारखी वर.

"कोण आहे?" कंडक्टरआजीने विचारले.

"तपासणीला आलेय, आजी."

"मग उभ्याने नका तपासू. उभ्या माणसाच्या हाताला सगळ्याच दोऱ्या येतात."

 बाईने पायातले बूट काढले आणि शिंपीणआजीच्या रिकाम्या खाटेवर आडवी झाली.

"अहो मॅडम, हे काय! चादर आत्ताच बदललीय," मॅनेजरबाई म्हणाली.

बाईने पडल्या पडल्या हात लांब केला. तिची बोटे भिंतीवर फिरली आणि थांबली. वायरमननंतर माझ्याखाली असे झोपून पाहणारी ती पहिलीच.

"मला पाणी हवंय," ती छताकडे बघत म्हणाली. "आता काय करू मी?"

"हाक मारायची ना!"

"हाक मारणारी मी आहे," कंडक्टरआजी म्हणाली. तिचा आवाज तेव्हापासून चिरकाच राहिला होता. "विचारा यांना, माझी हाक कुठवर गेली ते."

 मोठी ताई तोंड फिरवून डोळे पुसत होती.

हुकूम निघाला. सगळ्या मजल्यावरच्या दोऱ्या खाली आल्या. दुपारी आणखी एक मदतनीस येऊ लागली. कंडक्टरआजीने हट्टाने आपले अंथरूण या खाटेवर हलवून घेतले. "तिची दोरी मला द्या," म्हणाली. रोज संध्याकाळी ती एकदा मला ओढायची.

"काय हवंय आजी?" ताई यायची.

"काही नाही गं. गाडी थांबते का, ते बघत होते."

शिंपीणआजीच्या वाट्याला न आलेले हे दिवस मी पाहिले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात. मीही तशीच. वर्षानुवर्षे दांडीवर अडकून माझ्या अंगात एक वाक बसला आहे, तो जात नाही. माणसांच्या हातालाही तसाच वाक पडत असावा. दुपारची नवी मदतनीस मध्यंतरी येईनाशी झाली. तपासनीस बाई फिरून आलेली नाही.

मित्रांनो, तुमची आजी, तुमचे आजोबा अशा एखाद्या खोलीत असतील, तर त्यांना भेटायला जा. नुसते दारात उभे राहून "ठीक आहे ना?" असे विचारू नका. थोडा वेळ त्यांच्या अंथरुणावर आडवे व्हा आणि हात लांब करा. पाणी हाताला येते का, चष्मा येतो का, दोरी येते का, ते बघा. नसेल येत, तर तिथल्या तिथे बोला. मागाहून बोललेले त्यांच्या काय कामाचे?

आज सकाळी ताईने लादी पुसायला घेतली. "एक मिनिट हं आजी, पुसून झालं की सोडते," म्हणाली आणि मला उचलून दांडीवर ठेवले. लादी केव्हाच वाळली आहे. कंडक्टरआजीला दिसत नाही. ती खिडकीकडे तोंड करून स्वस्थ पडली आहे. तिला वाटते आहे, मी तिच्या उशाशीच आहे.

संध्याकाळ व्हायला आली. आता ती हात लांब करील.